पळतं अक्षर

शेवगावात पैठण रस्त्याला एका बाजूला पंक्चरवाला आणि दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला, या दोघांच्या बेचक्यात श्रीमंतचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची खोली. आत एक कॉम्प्युटर, एक कटिंग मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या रंगीत शीटच्या गुंडाळ्या. गाड्यांवर नावं चिकटवणं हा त्याचा धंदा. मोटरसायकलच्या टाकीपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत ज्याला म्हणून चाक आहे, त्याला श्रीमंत नाव देतो. चिकटवायची शीट चमकणारी असो की साधी, आपल्याकडे लोक तिला सरसकट रेडियमच म्हणतात, म्हणून तो रेडियमवाला. त्याचं आडनाव विचाराल तर शेजारच्या पंक्चरवाल्यालाही चटकन सांगता येणार नाही.

श्रीमंत हे नाव आईबापांनी कोणत्या उमेदीवर ठेवलं होतं देव जाणे. दिवाळी उरकली की घराला कुलूप आणि अख्खं बिऱ्हाड बैलगाडीत. राहुरीकडच्या फडांवर पाचटाची कोपी टाकून राहायचं आणि गुढीपाडव्यापर्यंत ऊस तोडायचा. पोराची शाळा त्यामुळे पहिल्या सहामाहीपुरती. दुसरी सहामाही तो भरल्या गाडीच्या उसावर पालथा पडून काढायचा. कारखान्याच्या गेटाबाहेर रांग लागलेली असायची, आणि पुढ्यात ट्रकांच्या नि ट्रॅक्टरांच्या पाठी. त्या पाठींवर लिहिलेलं वाचत वाचत तो खरा वाचायला शिकला. शाळेत क म्हणजे क असायचा. इथे त्याला दिसलं की प्रत्येक पेंटरचा क निराळा असतो. एकाचा पोट सुटलेला, एकाचा उपाशी. अशा गोष्टींकडे बघत बसणारं पोर पुढे ऊसतोडीच्या फारसं कामाचं राहत नाही, आणि तसंच झालं.

मिसरूड फुटायच्या वयात तो नगरला एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे राहिला. हातात ब्रश स्थिरावतोय तोच फ्लेक्स आला आणि मालकाने ब्रश गुंडाळून कॉम्प्युटर घेतला. बाकीच्यांनी रडारड केली. श्रीमंतने केली नाही. त्याला अक्षराशी मतलब होता, ते ब्रशने येतंय का माऊसने याच्याशी नव्हता. पुढे शेवगावला परतून त्याने स्वतःचं दुकान टाकलं, आणि तिथे मात्र त्याची गाडी अडली.

तयार फॉन्ट पुष्कळ होते, पण ते कागदासाठी काढलेले. त्यांच्यात कलमाने लिहिल्यासारखं जाड-बारीक असतं. मशीनने शीटवर अक्षर कापलं की आजूबाजूचा नको तो भाग चिमट्याने सोलून काढावा लागतो, आणि त्या ओढाताणीत बारीक रेघ हमखास वर येते. समजा तेव्हा टिकली, तर गाडी पहिल्यांदा धुतली की जाते. ‘आशीर्वाद’मधला रफार वाहून गेलेल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. गिऱ्हाईक मग श्रीमंतच्या नावाने शिमगा करायचं.

म्हणून त्याने स्वतःचं अक्षर काढायला घेतलं. सगळ्या अंगाने एकाच जाडीचं. शेपटी नाही, नखरा नाही, टोकं सुरीने कापल्यासारखी सरळ. आणि तिरकं. तिरकं का, तर गाडी उभी असली तरी चालल्यासारखी वाटावी म्हणून. आता कॉम्प्युटरवर कुठलंही अक्षर एका बटणात तिरकं होतं हे कुणीही सांगेल. श्रीमंतनेही आधी तेच केलं, आणि जे समोर आलं ते बघून त्याला शिसारी आली. ठ चा गोल अंड्यासारखा कलंडला होता. व आणि ब यांची पोटं एका बाजूला लोंबत होती. दांडे रोडावले होते, आणि दुसरी वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसली होती. मग त्याने एकेक अक्षर हाताने सावरलं. वरची रेघ आडवीच ठेवली, कारण ती कलली की अख्खं नाव उतारावरून घरंगळायला लागतं. दांडे तेवढे पुढे झुकवले. अनुस्वाराचा टिंब धुण्यात सगळ्यात आधी जातो, म्हणून त्याला विटेसारखा चौकोनी आणि दांडगा केला. एकट्या ळ ने त्याला दिवाळी ते संक्रांत छळलं.

हे सगळं झालं आणि एक नवीच गोम निघाली. गाडीच्या उजव्या अंगाला हे अक्षर लावलं की ते गाडीच्या तोंडाकडे झुकतं. तेच डाव्या अंगाला लावलं की शेपटाकडे झुकतं. म्हणजे गाडी निघालीय पुढे आणि नाव बसलंय मागे रेलून. कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नसतं, पण श्रीमंतच्या घशाखाली घास उतरेना. डाव्या अंगासाठी त्याने सगळी बाराखडी पुन्हा काढली, उलटी झुकलेली. हे कुणाला दिसणार आहे, असं त्याची बायको आरती म्हणाली आणि हसली. खरंच कुणाला दिसलं नाही. पण श्रीमंतच्या अक्षरांची ट्रॉली दोन्ही बाजूंनी पळते, असं काहीतरी लोकांना जाणवायचं. ‘त्ये पळतं अक्षर टाक’ असं म्हणून गिऱ्हाइकं दुसऱ्या तालुक्यांतून येऊ लागली.

पळतं अक्षर हेच मग त्याचं नाव पडलं. दुधाचे टेम्पो, पाण्याचे टँकर, वरातीतल्या डीजेच्या गाड्या, कबड्डीच्या पोरांचे बनियन, सगळीकडे ते गेलं. फ्लेक्सवाले पेनड्राइव्हवर घेऊन गेले, त्यांच्याकडून ते वाढदिवसांच्या बॅनरवर चढलं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जुनं खरवडून नवं लावण्याचं काम श्रीमंतला महिनाभर पुरलं. एकाने बंगल्याच्या गेटवर टाकायला सांगितलं, तर श्रीमंत म्हणाला, बंगला कुठे पळून चाललाय का. एका फ्लेक्सवाल्याने त्यात श्रद्धांजलीचा बोर्ड केला तेव्हा तो मुद्दाम उठून त्याच्याकडे गेला आणि गेलेल्या माणसाला उभं अक्षर लाव म्हणून भांडून आला. एवढा त्याला त्या अक्षराचा अभिमान होता. त्या अभिमानात वाईट काही नव्हतं, असं गेल्या दसऱ्यापर्यंत तरी म्हणता येत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकासाहेब नवी ट्रॉली घेऊन दुकानापुढे आले. काकासाहेब म्हणजे ट्रॅक्टरवाले, कारखान्याला ऊस वाहणारे, श्रीमंतचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. नातवंडांची नावं, ओंकार आणि मोनिका, ट्रॉलीच्या पाठीवर एका ओळीत हवी होती. पाठीचा पत्रा अरुंद, आणि त्यातला निम्मा लाल चमकत्या पट्टीने व्यापलेला. मागून येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड पडला की लकाकते ती ही पट्टी. काकासाहेब म्हणाले, अक्षर बारीक कर. श्रीमंत म्हणाला, बारीक केलं तर मजा जाईल. तिरक्या अक्षराला ऐसपैस जागा लागते. पहिल्याचा पाय एकीकडे जातो, शेवटच्याचं डोकं दुसरीकडे. त्याने ब्लेड घेतलं आणि पट्टी खरवडून काढली. ती खाली दुसरीकडे कुठेतरी लावू असं ठरलं. पण काकासाहेबांना पूजेची घाई, श्रीमंतपुढे मोटरसायकलींची रांग, तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला, नंतर.

नावाला तरी चमकणारी शीट वापरता आली असती. पण ती जाड असते. तिच्यात पळत्या अक्षराची टोकं स्वच्छ कापली जात नाहीत, कोपरे फुगतात. साध्या सोनेरी शीटवर ती सुरीसारखी येतात. श्रीमंतने सोनेरी घेतली. काकासाहेबांच्या लेखी रेडियम ते रेडियम. दुपारच्या उन्हात नावं अशी झळाळली की वेल्डिंगवाला काम टाकून बघायला आला. काकासाहेबांनी नारळ फोडला आणि पेढे वाटले.

संक्रांतीच्या सुमारास त्याच ट्रॉलीचा आस भर रस्त्यात तुटला. ड्रायव्हरने भरल्या उसाची ट्रॉली कडेला सोडली आणि ट्रॅक्टर घेऊन तो मिस्त्रीला आणायला गेला. दिवस मावळला. बोधेगावकडच्या एका गावातला करण नावाचा पोरगा दूध केंद्रावरचं काम संपवून मोटरसायकलवर घरी चालला होता. तो ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागीच गेला.

पेपरात आलं, ‘भरधाव दुचाकी उभ्या ट्रॉलीवर आदळली’. भरधाव हा शब्द लिहिणाऱ्याने कुणाला विचारून लिहिला नव्हता. अपघाताच्या बातमीत दुचाकी भरधावच असते, जसा निषेध तीव्र असतो आणि शोक अनावर. पण छापलेला शब्द चिकट असतो. पोलिसांच्या कागदांत तो गेला, चहाच्या गाड्यांवर गेला, आणि चार दिवसांत सगळ्या भागाला ठाऊक झालं की पोरगं गाडी पळवत होतं, म्हणून मेलं.

श्रीमंतला फोटो दाखवला पंक्चरवाल्याने, सकाळी, मोबाईलवर. कुणीतरी फ्लॅश मारून काढलेला. पडलेल्या मोटरसायकलची नंबरप्लेट पांढरी फटक चमकत होती. तिचा मागचा लाल दिवा लकाकत होता. आणि वर ट्रॉलीची पाठ नुसती काळी. त्या काळ्यात ओंकार-मोनिका मातीच्या रंगाचे झाले होते. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच वाचता यावेत असे. श्रीमंतला वाचता आले. पंक्चरवाला पोरांच्या वेगाबद्दल काहीबाही बोलत होता. श्रीमंतने फोन परत दिला आणि आत जाऊन मशीन सुरू केलं, कापायला काही नव्हतं तरी.

मोटरसायकल त्याने ओळखली होती. टाकीवर ‘आई-आप्पा’ त्यानेच लावलं होतं. हा करण तासभर दुकानात बसून होता त्या दिवशी, आईचं नाव आधी की आप्पांचं, यावर स्वतःशीच वाद घालत. लाजाळू पोरगं होतं.

पोलिसांनी ट्रॉली सोडली तशी काकासाहेबांनी ती दुकानापुढे आणली. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, पाठीला पट्टी लावून टाक. श्रीमंतने नावं खरवडली. काल-परवापर्यंत ज्या ओंकारच्या कान्यावर तो खूश होता तो ब्लेडखाली गोळा होऊन मातीत पडला. त्या जागी त्याने लाल पट्टी लावली, वरून फडक्याने दाबली, हवा राहिली नाही ना ते पाहिलं.  काय घडलं ते दोघांनाही कळलं होतं, आणि आता ते सांगणारं ट्रॉलीवर काही उरलं नव्हतं.

होळी झाली आणि एक दिवस आप्पासाहेब दुकानात आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, वय पन्नाशीचं पण बसताना गुडघ्यांना हात लावून बसले. मी करणचा बाप, असं त्यांनी सांगितलं. श्रीमंतला वाटलं, कळलं यांना. पण आप्पासाहेब ते विचारायला आले नव्हते. टाकीवरचं अक्षर तुमचं आहे असं समजलं, म्हणून आलो, असं ते म्हणाले. मग पिशवीचे बंद उगाच आवळत राहिले.

“माझं पोरगं गाडी जोरात हानायचं का वो?”

एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो घेऊन ते गावोगाव हिंडत होते. पेट्रोल पंपावर विचारून झालं होतं, दूध केंद्रावर झालं होतं, करण जिथे चहा प्यायचा तिथेही. मोटरसायकल त्यांनी घेऊन दिली होती, बायकोचा विरोध असताना. राहीबाई नको नको म्हणत होती. तो गेल्यापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. आप्पासाहेबांनी तिला काही म्हणायचं धाडस केलं नाही. पोरगं भरधाव होतं तर ते आपण दिलेल्या गाडीवर भरधाव होतं, हे त्यांना कबूल होतं. फक्त ते खरं होतं का, एवढं त्यांना पाहिजे होतं.

श्रीमंत म्हणाला, करण गरीब पोरगा होता, गाडी सावकाश चालवायचा.

आप्पासाहेबांनी मान हलवली. “समदी हेच म्हनत्यात. मेलेल्याला कोन नावं ठिवील? खरं सांगनारा एक बी मानूस भेटंना मला.”

मग त्यांनी चहा नको म्हटलं आणि ते उठून बसस्टँडच्या दिशेने गेले. श्रीमंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. हाक मारायची एवढंच काम होतं. त्याच्याने ती मारवली नाही, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्याने दुपारीच शटर ओढलं.

घरी त्याने आरतीला सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच. आरती काही निर्दय बाई नव्हती. जे कुठलीही संसारी बाई म्हणेल तेच ती म्हणाली. आपलं पोट ट्रॅक्टरवाल्यांवर आहे. काकासाहेब एकटे नाहीत, त्यांच्यामागे सगळा तालुका आहे. तू ट्रॉली रस्त्यात उभी केली नव्हतीस, तू आस तोडला नव्हतास. आणि सांगून पोरगं परत येणार आहे का. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे श्रीमंतला फारच बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं दोन दिवसही टिकलं नाही. तो दुकानात नुसता बसू लागला. नवं काम आलं की मशीन बिघडलंय म्हणायचा. रस्त्याने ट्रॉली गेली की तिची पाठ बघायचा. त्याच्या अक्षरांच्या कितीतरी ट्रॉल्या होत्या, आणि कुठली चमकणारी, कुठली साधी, हे आता त्याचं त्यालाच आठवत नव्हतं.

त्याची आई, कडूबाई, ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होती. ऊस तोडून तोडून तिची बोटं वाकडी झाली होती, पण कान शाबूत होते. एका सकाळी श्रीमंत भाकरी तशीच टाकून उठला तेव्हा तिने त्याला जवळ बोलावलं.

“तुझा बाप गाडीखाली कंदील टांगल्याबिगर फडातनं निगत नव्हता,” ती म्हणाली. “काच पुसायचं काम तुझ्याकडं हुतं. कवा इसरलास तर थोबाडीत बसायची.”

श्रीमंत पायात चपला सरकवू लागला.

“त्यो मानूस खरं मागाया आल्ता, श्रीमंता. दुसरं काय मागितलं न्हाई त्यानं. जा, त्याचं त्याला दिऊन ये.”

तो गेला. मोटरसायकल काढून त्याच रस्त्याने गेला, आणि ती जागा आली तेव्हा त्याने मान वळवली नाही. गाव लहान होतं, घर लगेच सापडलं. अंगणात चुरगळलेली मोटरसायकल खताच्या गोणपाटांखाली झाकून ठेवली होती. आप्पासाहेब बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं आणि सरकून जागा दिली, पण तो खालीच बसला. उंबऱ्याच्या आत राहीबाई सुपात तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

श्रीमंतने घरून शब्द जुळवून आणले होते, त्यातला एकही कामी आला नाही.

“आप्पा, त्या ट्रॉलीच्या पाठीला लाल पट्टी हुती. ती म्या काढली. माझं अक्षर मोठं बसावं म्हनून काढली. काकासाहेब बारीक कर म्हनत हुते, म्या ऐकलं न्हाई. आन् अक्षराला जी शीट लावली ती चमकत न्हाई. अंधारात त्या पाठीवर कायसुदिक दिसत नव्हतं. तुमचा करण जोरात हुता का सावकाश, ते मला म्हाईत न्हाई. पन सावकाश आसता तरी त्याला ती ट्रॉली दिसली नसती.”

आप्पासाहेबांनी हे पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा ऐकताना ते त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. श्रीमंतने सांगितलं की हे तो पोलीस ठाण्यातही सांगेल, सही करून देईल, पुढे काय व्हायचं ते होवो. त्याला वाटलं होतं की आप्पासाहेब अंगावर धावून येतील. एक मुस्काटात बसली असती तर त्याला सोसलं असतं, किंबहुना तेवढ्यासाठीच तो आला होता की काय कोण जाणे. पण आप्पासाहेबांनी फक्त टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बायकोला हाक मारली. “ऐकलं का गं. त्याला दिसलंच नव्हतं.”

सुपातला आवाज थांबला होता. राहीबाई उठून उंबऱ्यापाशी आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बोलायची सवय गेलेल्या माणसासारखा तिचा आवाज घोगरा येत होता.

“त्या सांजंला म्या फोन केल्ता त्याला,” ती म्हणाली.

आप्पासाहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते तिच्याकडे बघतच राहिले.

“त्याचा मामा आल्ता. जेवायला थांबला हुता. लवकर ये म्हनले. निगालो म्हनला. मग परत केला, आरं किती येळ, आसं म्हनले. गाडीवरच उचलला त्यानं.” तिने चौकटीवरचा हात काढला. “त्यानं जोर केला आसंल तर माज्यापायी केला, आसं धरून बसले मी. ह्यांच्यासंगं काय बोलू? कोन्या तोंडानं बोलू?”

आप्पासाहेबांच्या मांडीवरची टोपी खाली पडली. इतके महिने त्यांनी तिच्या गप्प बसण्याला आपल्यावरचा राग समजून निमूटपणे गिळलं होतं. आता ते उठून तिच्याकडे गेले, पण जवळ जाऊन काय करायचं ते त्यांना सुचेना. राहीबाईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती श्रीमंतकडे बघत होती.

“तुमाला कवापासनं म्हाईत हुतं, भाऊ?”

“पयल्या दिसापासनं,” श्रीमंत म्हणाला. खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

“पयल्या दिसापासनं,” ती म्हणाली. तिने ना आवाज चढवला, ना डोळ्यांना पदर लावला. “संक्रांतीपासनं रोज सांज झाली की मी त्याला फोन करते आन् मारते. रोज. निजायच्या आदी मारते, आन् सकाळी उठलं की परत ध्यानात येतं, आपुनच मारला. आन् तुमाला म्हाईत हुतं.”

श्रीमंतने जायला हवं होतं. पण आप्पासाहेब त्याला जा म्हणाले नाहीत, म्हणून तो अंगणात तसाच मान खाली घालून बसून राहिला.